डाव्या हातानं उचललेली माती

श्रीरामपुरात मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला तालमीची गल्ली आहे. त्या गल्लीत अमृत गेम बनवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेम बनवतो म्हणजे दिवसभर नेमकं काय करतो, हे मात्र अजून कुणाला उमगलेलं नाही. त्याची आई मालनबाई पिठाची गिरणी चालवते, आणि गिरणीवरच्या पत्र्याच्या खोलीत हे महाशय कॉम्प्युटर मांडून बसतात. खाली ज्वारी पडली की वर टेबल थरथरतं, पडदा थरथरतो आणि पडद्यापुढचा अमृतही थरथरतो. भुवयांवर कायम पिठाचा हात फिरलेला असल्यामुळं चाळिशीला टेकलेला हा गडी लांबून आजोबा दिसतो. त्याच्यासाठी मुली बघायचे दिवस होते तेव्हा मालनबाई पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, पोरगा सॉफ्टवेअरमध्ये हाय. कंपनी कुठं आहे असं विचारलं की त्या वर बोट करायच्या. पाहुणे पत्र्याकडं बघायचे, चहा संपवायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

पण रविवारी सकाळी याच माणसाची सगळी गल्ली वाट बघायची. रविवारी अमृत इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायचा आणि तेच गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. वरती ‘सध्या हातात काय’ आणि खाली ‘या आठवड्यात काय खेळावं’. चर्चमधून येता येता पार्लरवाली मोनिका ते वाचायची, कटिंगच्या दुकानात ते मोठ्यानं वाचलं जायचं. त्याची शिफारस म्हणजे औषधाच्या चिठ्ठीसारखी, माणूस बघून दिलेली. सत्यशीलाकाकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं त्यांना एक शेतीचा खेळ सुचवला. काकू अंथरुणावर पडल्या पडल्या कोबी पिकवायला लागल्या, आणि भेटायला येणाऱ्याला प्रकृतीचं सांगायच्या आधी कोबीचं सांगायच्या. मोनिकाच्या पार्लरमध्ये मेंदी वाळेपर्यंत बायकांनी काय करावं, यासाठी त्यानं एका बोटानं खेळता येईल असा शब्दांचा खेळ शोधून काढला होता. आता मेंदी वाळली तरी बायका उठत नाहीत, अशी मोनिकाची तक्रार असते.

या शिफारशीला एक नियम होता. शेवटापर्यंत खेळल्याशिवाय तो कशाबद्दल एक शब्द लिहायचा नाही. सख्ख्या मामाच्या पोरानं पत्त्यांचं जुगारी अ‍ॅप काढलं आणि ‘दोन ओळी लिही की’ म्हणून गिरणीच्या पायरीवर बसून राहिला, तर यानं ते खेळून बघितलं आणि लिहिलं की हे खेळू नका. मामाच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं मालनबाईंना तेव्हापासून येत नाही.

वरच्या ‘सध्या हातात काय’ या भागात मात्र वर्षानुवर्षं तीच तीन नावं असायची. पहिलं ‘लाल डबा’. यात आपण एसटीचे ड्रायव्हर. श्रीरामपुराहून निघून संगमनेरवरनं पुण्याला गाडी न्यायची. ती गाडी चंदनापुरीच्या घाटात कशाशी तरी अडकली ती अडकलीच. गल्लीतली माणसं सकाळी दात घासता घासता विचारायची, "काय अमृतशेठ, पोचली का गाडी शिवाजीनगरला?" दुसरं ‘काजवे’. भंडारदऱ्याच्या रानात अंधारात चालायचं, हातातली बॅटरी विझवायची आणि थांबायचं. पुरेसं थांबलं की काजवे येतात. मोबाईल काढला की जातात. यात जिंकायचं काय, असं मोनिकानं विचारलं होतं. काही नाही, बघायचं, असं अमृत म्हणाला. मग आमची खिडकी काय वाईट आहे, असं तिनं विचारलं.

आणि तिसरं ‘जोड’. त्याचा जीव तिथं होता.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यावरचा हा खेळ. आता कुस्तीचा खेळ म्हटल्यावर आपण पैलवान व्हायचं आणि समोरच्याला आपटायचं, असं कुणालाही वाटेल. अमृतच्या खेळात आपण पैलवान नव्हेच. आपण पंच, जोड लावणारे. चार गावांहून पोरं आलेली असतात, त्यांच्या मानेकडं, मांड्यांकडं, कानाकडं बघायचं, मनगट हातात धरून अंदाज घ्यायचा आणि कोण कुणाशी लढेल ते ठरवायचं. जोड बरोबर लागली तर मैदान उठून उभं राहतं. फसली तर लोक पंचाच्याच अंगावर येतात. ही विद्या त्याला वस्तादांकडून मिळालेली. कानिफनाथ वस्ताद, गल्लीतल्या तालमीचे. उभ्या तालुक्यात त्यांच्यासारखी जोड लावणारा झाला नाही, असं म्हातारे सांगतात. अमृतनं त्यांच्या हाताखाली लहानपणी माती खाल्ली. पैलवान काही तो झाला नाही, पण वस्तादांच्या शेजारी बसून बघत राहिला आणि ते बघणं त्यानं खेळात उतरवलं.

त्या खेळात एक कायदा होता. एका तालमीतल्या दोघांची जोड लावायची नाही. गुरुभाऊ गुरुभावाशी मैदानात लढत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खेळणाऱ्यानं चुकून तशी जोड लावलीच, तर हलगी थांबते, ते दोघे एकमेकांना सलामी देतात आणि आपापल्या कपड्यांकडं चालू लागतात. एवढ्याशा जागेवर अमृतनं बाकी सगळ्या खेळापेक्षा जास्त जीव आटवला होता. दोघे पाठ फिरवून जातात ते रागानं जाताहेत असं दिसता कामा नये, असं त्याचं म्हणणं.

पैलवान काढून द्यायचा बिभीषण. तोही याच तालमीतला, अमृतच्या बरोबरीचा. संगमनेरला त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळ्यांत माणूस हसराच छापायचा ही त्याची खासियत. हात मात्र सोन्याचा. चैत्रात दोघं एका मोटरसायकलवरून जत्रा धुंडाळायचे. अमृत हलगीचा आवाज टिपायचा, बिभीषण मांड्या काढायचा. संध्याकाळी येऊन गिरणीवर बसायचे आणि मालनबाईंच्या हातची भाकर खाताना भांडायचे, की अमक्याची मान जाड झाली, तमक्याचा कान मातीत घासून अजून फुटायला हवा. दोघांच्या कॉम्प्युटरवर सगळा खेळ अर्धा अर्धा नव्हे, पुरा असायचा. त्यात लपवायचं काय, असं अमृतला वाटायचं. एका ताटात जेवणाऱ्यानं आपली आमटी राखून ठेवायची असते, हे त्याला कोण शिकवणार?

मग बिभीषणाचं येणं कमी झालं. निवडणुकीचे दिवस आहेत, छपाईतून श्वास घ्यायला सवड नाही, असं तो सांगायचा. खरंही असेल. अमृतनं कधी चौकशी केली नाही. काजव्यांचा हंगाम आला तसा तो भंडारदऱ्याला गेला, तिथल्या रानात मुक्काम करून किड्यांचे आवाज गोळा करीत राहिला.

परत आला तेव्हा गल्ली जरा विचित्र वागत होती. त्याला बघून लोक हसायचे आणि गप्प व्हायचे. मोनिकानं त्याला बोलावून नुसता चहा पाजला. सत्यशीलाकाकूंनी हात धरून सांगितलं, तू मोठा होणार बघ, आणि कशावरून ते सांगितलं नाही. इथं जरा थांबून आमच्या गल्लीची ख्याती सांगायला हवी. कुणाच्या घरात कुणाला उलटी झाली तर ती डोहाळ्याची की भज्यांची याचा निकाल आमच्याकडं डॉक्टरच्या आधी लागतो. त्या गल्लीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्या गल्लीनं महिनाभर एक गोष्ट गिळून ठेवली होती. अमृतला शंका यायला हवी होती. पण त्याला वाटलं, आईनं कुठंतरी स्थळ बघितलं असावं.

नागपंचमी जवळ आली होती. पार्लरच्या दारात मोनिका मोबाईल हातात घेऊन उभी होती. अमृतला बघताच तिनं हाक मारली.

"अमृतदादा, सरप्राइज लई भारी झालं हो. आमच्या घरात सगळे त्यालाच चिकटलेत. पन तुमचं नाव कुठं दिसंना."

तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर मोठ्या भगव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आखाडा किंग’. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. खाली ‘संकल्पना आणि चित्रं’ याच्यापुढं बिभीषणाचं नाव.

अमृतला आधी काहीच कळलं नाही. पैलवान ओळखीचे होते, पण चित्रं बिभीषणाचीच, तो ती कुठंही देईल, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग कुस्ती सुरू झाली. राहुरीचा पैलवान वाकला आणि त्यानं डाव्या हातानं माती उचलली. नेवाशाचा वाकला, त्यानंही डाव्या हातानं. पारनेरचा, जामखेडचा, सगळे डाव्या हातानं.

आता ही गंमत समजून घ्या. कुस्तीआधी माती घेतात ती उजव्या हातानं, साऱ्या महाराष्ट्रात. फक्त आमच्या तालमीत डाव्या हातानं घेतात, कारण कानिफनाथ वस्तादांचं उजवं मनगट तरुणपणी मोडलं होतं आणि ते तसंच वाकडं जुळलं. वस्ताद डाव्या हातानं माती घेत, म्हणून पोरं घेऊ लागली, पुढं त्या पोरांची पोरं. अमृत आणि बिभीषण तेच बघत वाढले. एवढे हगामे फिरले, पण बघायच्या त्या माना आणि मांड्या बघत राहिले, हाताकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. खेळातल्या झाडून सगळ्या पैलवानांना त्यांनी डावखुरं करून ठेवलं. पुढं राहुरीच्या एका जाणत्या गड्यानं खेळ बघताना ते दाखवून दिलं, तेव्हा अमृत पोट धरून हसला आणि चूक सुधारली. आपल्या तालमीची पोरं तेवढी डावी ठेवली, बाकीची उजवी केली. पण तोवर बिभीषणाचं येणं थांबलेलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर जुना खेळ राहिला, चुकीसकट. तीच चूक आता मोनिकाच्या मोबाईलवर वाकून माती उचलत होती.

त्यानं खेळात एकाच तालमीतले दोघे समोरासमोर उभे केले. हलगी थांबली नाही. दोघांनी शड्डू ठोकले आणि एकमेकांच्या गळ्यात हात घातले. मैदान ओरडलं. त्या ओरडण्यात एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "उचल त्याला! उचल!"

तो आवाज मालनबाईंचा होता. गिरणीच्या धडधडीवर मात करून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय असलेला तो गळा अमृतनं हजार माणसांत ओळखला असता.

तो घरी आला तेव्हा मालनबाई गव्हाचं दळण टाकत होत्या. त्यानं गिरणी बंद केली. दळण अर्धं असताना गिरणी बंद करायची नसते, गिऱ्हाईक चिडतं. पण गिऱ्हाईकही त्याचं तोंड बघून गप्प बसलं.

"आई, तू कुणासाठी ओरडलीस?"

मालनबाई आधी हसल्या. कळलं का तुला, असं म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, तेही मोठ्या कौतुकानं. अमृत काजव्यांकडं गेला होता तेव्हा बिभीषण गाडी घेऊन आला होता. अमृतचा खेळ पुरा झालाय, त्याला ठाऊक नाही, आपण त्याला चकित करू, असं त्यानं गल्लीला सांगितलं. तालमीत सगळ्यांना जमवलं, पेढे वाटले, आणि मैदानातल्या लोकांचा गलका म्हणून सगळ्या गल्लीला ओरडायला लावलं. सत्यशीलाकाकू खुर्चीवर बसून ओरडल्या. मोनिकानं शिट्टी मारली. अमृतला बोलायचं नाही, अशी बिभीषणानं हातावर हात मारून प्रत्येकाकडून कबुली घेतली. आणि गल्लीनं जन्मात पहिल्यांदा ती पाळली.

"तुज्यासाठीच वरडले की," मालनबाई म्हणाल्या. "घसा बसला दोन दिस. का रं, काय झालं?"

त्यानं सांगितलं. मालनबाई पिठाच्या डब्यावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

बिभीषणाला फोन लावला तर त्यानं पहिल्या रिंगला उचलला. आवाजात कुठं ओशाळलेपणा नव्हता. उलट इतके दिवस वाट बघत असल्यासारखा तो बोलला. पुण्याच्या लोकांनी त्याची चित्रं कुठंतरी बघितली, त्यांना खेळ हवा होता आणि बोलायला एकच माणूस हवा होता. अमृतचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण ते म्हणाले दोघं नकोत. हे सगळं तो अशा सुरात सांगत होता, जसं काही पाऊस पडला आणि छत्री एकच होती.

"माझा खेळ दिलास तू त्यांना," अमृत म्हणाला.

"अम्र्या, चित्रं माझी. डोकं वस्तादांचं. तुझं काय हुतं ते सांग. तू तो संपवला असतास का? खरं सांग, आईची शपथ घेऊन सांग."

तो प्रश्न पुढं कित्येक दिवस अमृतला सलत राहिला. बिभीषणानं तेवढ्यावरही सोडलं नाही. जाता जाता म्हणाला, रविवारी शिफारशीत घे की. तुझ्या शब्दाला मान आहे.

कटिंगच्या दुकानात यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं वकील गाठ, कुणी म्हणालं दुकानाच्या काचा फोड. अमृतला यातलं काही नको होतं. त्याला एकच हवं होतं. नागपंचमीला तालमीच्या मातीची पूजा असते, त्या दिवशी झाडून सगळे शिष्य येतात, संगमनेर-नगरहून येतात. त्या सगळ्यांपुढं वस्तादांनी एकदा म्हणावं की हा खेळ अमृतनं बांधला. वस्तादांचं म्हणणं बिभीषण खोडू शकला नसता. सगळ्या गल्लीचा आवाज त्या खेळात गेला होता. हा एक आवाज तरी आपल्या बाजूनं असावा, एवढीच त्याची भूक होती.

वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसले होते. खुंटीवर नवीकोरी शाल लटकत होती. मोबाईल त्यांनी आरशासारखा दोन्ही हातांत धरला होता, आणि त्यातून त्यांचाच आवाज येत होता. खेळात कुस्ती सुरू झाली की तो आवाज म्हणायचा, "सोडा रं पोरं!" वस्ताद तो ऐकायचे, हसायचे आणि पुन्हा लावायचे.

अमृत पायरीवर बसला. खेळ कुणाचा हे वस्तादांना माहीत आहे का, असं त्यानं विचारलं. वस्तादांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला.

"बिभ्यानं मला सांगितलं हुतं," ते म्हणाले. "तुजं नाव येनार न्हाई म्हनून."

"गल्लीला वाटलं सरप्राइज हाय. तुमाला ठाव हुतं?"

"व्हय."

"मग तुमी काय म्हनला?"

"मी म्हनलं, बरं." वस्तादांनी डोळे किलकिले केले, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढं ढकललं होतं. "आमृता, दर रविवारी तू लिव्हतोस, काम चालू हाय. चालू हाय, चालू हाय. आरं, मी किती चालू ऱ्हानार? मला माजा आवाज आयकून जायचं हुतं."

तरीही अमृतनं मागणं मागितलं. पंचमीला एक वाक्य बोला. वस्ताद हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ये तू, बघू, एवढंच म्हणाले. माणूस बुडत असला की त्याला ‘बघू’ सुद्धा काठासारखं दिसतं. अमृत त्या एका शब्दावर पंचमीपर्यंत जगला. मालनबाईंनी त्याचा पांढरा सदरा धुऊन इस्त्री केला.

पंचमीला तालमीची माती खणून मऊ केली होती. तेल, ताक, हळद घालून घोळवलेल्या त्या मातीचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. हलगीवाला आला, शिष्य आले, बायका ओट्याच्या कडेनं उभ्या राहिल्या. बिभीषण आपल्या गाडीतून आला. बरोबर एक कॅमेरेवाला होता. बिभीषणानं वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं, मालनबाईंच्याही पायाशी वाकला. मालनबाईंनी पाय मागं घेतले. तरी तो हसतच उठला, फ्लेक्सवरच्या माणसासारखा.

वस्तादांनी नारळ फोडला आणि बोलायला सुरुवात केली. मातीबद्दल बोलले, जुन्या हगाम्यांबद्दल बोलले, कोणत्या जत्रेत कुणाची जोड लावली आणि कुणी कुणाला घुटना डावावर चितपट केलं ते बोलले. अमृत अगदी पुढं उभा होता. मग वस्ताद म्हणाले, आपल्या बिभीषणनं तालमीचं नाव जगात नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमृत पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. वस्ताद खाली बसले आणि त्यांनी खडीसाखर वाटायला सांगितली.

अमृतनं सदरा काढला. इस्त्रीची घडी मोडू न देता तो आईच्या हातात दिला आणि मातीत उतरला. पोट सुटलेलं, छाती पांढरी फटक, भुवयांवर पीठ. कुणीतरी हसलं.

"वस्ताद," तो म्हणाला, "बिभीषणची आन माझी जोड लावा."

हलगीवाल्याचा हात थांबला. खडीसाखरेचं ताट जिथल्या तिथं थांबलं. असलं मागणं त्या तालमीत कुणी कधी केलं नव्हतं.

"एका तालमीतली पोरं लडत न्हाईत," वस्ताद म्हणाले. "तुला सांगावं लागतं व्हय?"

"म्हाईत हाय. म्हनूनच म्हनतो. आमच्या दोघांतला एक या तालमीतला न्हाई. कोन, ते तुमी सांगा."

वस्तादांनी अमृतकडं बघितलं, मग बिभीषणाकडं. आयुष्यभर दुसऱ्यांची मनगटं चाचपून निकाल दिलेल्या माणसाला त्या दिवशी कुणाचंच मनगट धरवलं नाही. शेवटी मान खाली घालून हलगीवाल्याला म्हणाले, "वाजव." कोण तालमीतला नाही, ते बोललेच नाहीत.

बिभीषणानं शर्ट काढला. कॅमेरेवाला ओट्यावर चढला. दोघं वाकले, दोघांनी डाव्या हातानं माती उचलली आणि एकमेकांच्या हातात दिली. हलगी कडाडली. आणि अमृत पुढं झुकतो न झुकतो तोच बिभीषण आपण होऊन मागं सरकला, मातीत बसला, मग हात पसरून निवांत पाठीवर आडवा झाला.

"घे," तो खालून म्हणाला. "जिंकलास. गुरुभावावर मी हात न्हाई टाकनार."

मग टाळ्या पडल्या, आणि त्या अमृतसाठी नव्हत्या. बिभीषण आडवा पडून तालमीचा मान राखून गेला होता. मैदान मागणारा अमृत होता, रीत मोडणारा अमृत होता, अंगाला हातही न लावता जिंकलेला अमृत होता. खोट्या कुस्तीला पैलवान लोक नुरा म्हणतात. दोघांचं आधीच संगनमत असतं. यात तर एकट्याचंच होतं. वस्ताद काठी टेकत मातीत आले आणि रीतीप्रमाणं जिंकलेल्याचा हात वर करायला त्यांनी अमृतचं मनगट धरलं. अमृतनं ते सोडवून घेतलं. आईच्या हातातला सदरा घेतला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. लोक बाजूला झाले ते त्याला वाट द्यायला की त्याचा घाम लागू नये म्हणून, ते सांगता येणार नाही.

दिवेलागणीला तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता. आडवा पडलेला हसरा बिभीषण, वर उभा पोट सुटलेला अमृत, खाली भगव्या अक्षरांत ‘आखाडा किंग’. गल्लीचा निकालही तोवर लागला होता. बिभीषणानं चूक केली खरी, पण मोठ्या मनाचा निघाला, असं कटिंगच्या दुकानात ठरलं. अमृतनं जरा जास्तच मनाला लावून घेतलं, असं पार्लरमध्ये ठरलं. सत्यशीलाकाकू एकट्या म्हणाल्या, पडणाऱ्यानं आधी विचारायला हवं होतं. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण त्या आजकाल कोबीबद्दलच बोलतात असा लोकांचा समज आहे.

रविवार आला. अमृत लिहील की नाही, यावर गल्लीत पैजा लागल्या होत्या. त्यानं नेहमीच्या वेळेला लिहिलं. ‘सध्या हातात काय’ याखाली दोनच नावं होती, ‘लाल डबा’ आणि ‘काजवे’. ‘जोड’ कुठं गेला हे त्यानं लिहिलं नाही, आणि एकाही माणसानं विचारलं नाही. खाली शिफारशीत त्यानं एका पोरसवदा मुलीनं नाशकात बनवलेल्या पतंगाच्या खेळाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्याखाली लिहिलं होतं:

‘आखाडा किंग. पूर्ण खेळलो. चित्रं उत्तम आहेत, गर्दीचा आवाज अस्सल आहे. या खेळात एकाच तालमीतले दोघे एकमेकांशी लढू शकतात. ज्यांना ते चालत असेल त्यांनी जरूर खेळावा.’

बिभीषणानं त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. गल्लीनं अंगठे दाखवले.

मालनबाईंना वाचता येत नाही असं नाही, पण मोबाईलवरची अक्षरं त्यांना बारीक पडतात. मोनिकानं वाचून दाखवलं. दुपारी गिरणी लवकर बंद करून, चहा घेऊन मालनबाई वर गेल्या. पत्र्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आजवर त्या दार ढकलून आत शिरायच्या, टेबलावरची पिठाची भुकटी पदरानं पुसायच्या, पडद्यावर काय चाललंय ते न कळता बघत उभ्या राहायच्या. त्या दिवशी त्यांनी दारावर टकटक केली. आपल्याच घरात.

"आत येऊ का रं?"

"ये ना," अमृत म्हणाला.

त्या आत आल्या. अमृतनं चहा घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. बस म्हणाला. मालनबाई कॉटच्या कडेला बसल्या आणि पडद्याकडं बघू लागल्या. पडदा काळा होता. त्यांची टकटक ऐकल्यावर, ‘ये ना’ म्हणायच्या आधीच अमृतनं तो बंद करून टाकला होता.